जपानात दुपारचं जेवण चुकवू नकोस

चि. सोनू हिस,


तुझ्या जपानच्या तयारीची यादी ताईने मला फोनवर वाचून दाखवली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गरम पाणी ओतून खायची पाकिटं, चिवडा आणि वर एक छोटा विजेवरचा कुकर. कपड्यांचं काय ठरलं, ते मी विचारलं नाही. “तिकडं सगळं महाग, पोरगी उपाशी राहील,” हे ताईचं म्हणणं, आणि तूही त्याला हो म्हणतेस असं कळलं. म्हणून हे पत्र. ते मासिकात देतोय, कारण बारामती-इंदापूरकडची तुझ्यासारखी बरीच मुलं आता जपानी शिकून किंवा कंपनीच्या कामानं तिकडे जातात. त्यांच्या आयाही अशाच याद्या करत असणार.

जपान महाग आहे, पण रात्री. दुपारी साडेअकरा ते दोनच्या दरम्यान तोच देश आपल्या खिशाला परवडतो. टोकियोतलं जे हॉटेल संध्याकाळी माणशी आठ-दहा हजार येन घेतं, ते दुपारी हजार-दीड हजारात ताट लावतं. हजार येन म्हणजे सध्या आपले साडेपाचशे-सहाशे रुपये. स्वयंपाकघर तेच आणि आचारीही तोच. जागेचं भाडं दुपारीही चालूच असतं, माणसं सकाळपासून कामाला लागलेली असतात, तेव्हा खुर्च्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा थोड्या नफ्यावर भरलेल्या बऱ्या. रात्रीच्या देखण्या कापांतून उरलेले माशाचे तुकडे दुपारी भातावर पसरले की त्यांचंही सोनं होतं. जपानात फिरताना माझा नियम एकच होता: पैसे दुपारी खर्च करायचे आणि रात्री दुकानातला भाताचा गोळा खाऊन झोपायचं.

आणि ही काही माझी अक्कल नाही. ती मला भिगवणनं शिकवली.

तू लहानपणापासून पुणे-सोलापूर रस्त्यानं ये-जा करतेस. उजनीचं पाणी दिसायला लागलं की गाडीतल्या सगळ्यांना भूक लागते, हे तुला माहीत आहे. १९८० मध्ये धरण पुरं झालं, भीमेचं पाणी इंदापूर, दौंड, करमाळ्यात मागे सरकत गेलं आणि पळसदेवसारखी गावं उठून वर आली. जमिनी बुडाल्या त्या बुडाल्याच. मात्र पाण्यात मासा आला, माशामागे होड्या आल्या, भिगवणला मासळीचा बाजार उभा राहिला आणि बाजाराच्या भोवती जेवणाची हॉटेलं. तिथल्या ताटात काय असतं? तळलेला नाहीतर रश्श्यातला मासा, ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, थोडा भात, कांदा, लिंबू. मेनूकार्ड कुणी उघडत नाही. आज काय आलंय, एवढंच विचारायचं. मरळ आणि वाम महाग, कटला-रोहू मधले आणि सगळ्यांना परवडणारी चिलापी.

या चिलापीची गंमत ऐक. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. भारतात तो १९५२ मध्ये आणला गेला, पुढे धरणा-तळ्यांतून इतका पसरला की स्थानिक माशांची जागाच त्यानं खाल्ली. उजनीचे जुने मच्छीमार त्याबद्दल फार प्रेमानं बोलत नाहीत. याच माशाचा एक भाऊ, नाईल नदीतला, जपाननं १९६२ मध्ये इजिप्तहून आणला. तेव्हाचे युवराज आकिहितो हे माशांचे खरेखुरे अभ्यासक. १९६५ मध्ये त्यांनी थायलंडच्या राजाला या जातीचे ५० मासे भेट पाठवले. थायलंडमधल्या गरिबाला पोटभर प्रथिनं मिळावीत, हा हेतू होता. राजवाड्याच्या तळ्यात ते वाढवले गेले आणि तिथून देशभरच्या शेततळ्यांत गेले. आज बँकॉकच्या फुटपाथवर मिठात भाजून मिळणारा स्वस्त मासा तो हाच. म्हणजे स्वस्त ताटामागे कुणीतरी बसून विचार केलेला असतो. कधी तो राजा असतो, कधी हॉटेलवाला.

जपानात हा विचार जागोजागी दिसतो. तिथल्या साध्या दुपारच्या ताटाला तेइशोकु म्हणतात. भात, मिसोचं सूप, एक मुख्य पदार्थ, एखादी छोटी भाजी आणि लोणचं. डाव्या हाताला भाताची वाटी, उजव्या हाताला सूप, मागे मासा. ही मांडणी सहसा चुकत नाही. आपल्याकडे चटणी-कोशिंबीर डाव्या बाजूला आणि भाजी-आमटी उजव्या बाजूला वाढली नाही तर आजी वाढणाऱ्याकडे कशी बघायची, ते आठव. जेवणाला डावं-उजवं असतं हे मानणारी माणसं तुला तिथे भेटतील. ताटात भाजलेला साबा माग. आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा, नुसत्या मिठावर भाजलेला, शेजारी पांढऱ्या मुळ्याचा कीस. तिखट नाही, मसाला नाही. पहिल्या घासाला तुला वाटेल, काहीतरी राहिलंय. तिसऱ्या घासाला माशाची चव कळायला लागते. आपल्या रश्श्यात ती शोधावी लागते, हे मी भिगवणकरांची माफी मागून सांगतो.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर तू पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलं आहेस. ते पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान. त्या ओकायामाची एक कथा जेवणाशीच जोडलेली आहे. सतराव्या शतकात तिथला सरदार इकेदा मित्सुमासा यानं काटकसरीचं फर्मान काढलं, की लोकांनी एक सूप आणि एकच तोंडीलावणं यावर जेवण भागवावं. लोकांनी फर्मान पाळलं! मासे, भाज्या, अंडं सगळं भातातच मिसळून टाकलं आणि तो एकच पदार्थ म्हणून समोर ठेवला. ओकायामाची बाराझुशी अशी जन्मली असं तिथले लोक सांगतात. खरंखोटं इकेदा जाणे, पण सरकारी नियमातून पोटभर जेवण काढणारी ही मंडळी आपल्या तालुक्यात सहज खपून गेली असती.

आता सगळ्यात स्वस्त जागा. स्टेशनच्या फलाटावर उभ्यानं खायचे सोबा, म्हणजे बकव्हीटच्या शेवया. स्वतःच ट्रे सरकवत न्यायची उडोनची दुकानं: गव्हाच्या जाड शेवया, गरम पाणीदार रस्सा, वर हवं असेल तर एखादं तळलेलं भजं. ४००-५०० येनमध्ये पोट भरतं. भातावर कोंबडी आणि अंडं घातलेलं ओयाकोदोन तुला नक्की आवडेल. ग्युदोन मात्र बीफचा असतो, तो आपल्या घरात चालत नाही, तेव्हा फोटो बघून बोट ठेवताना जरा जपून. आणि रस्सा कुठलाही असो, त्यात सुक्या माशाचा अर्क असतो हे धरूनच चाल. चतुर्थीला स्वतःचा डबा ने. ताजा कढीपत्ता, फळं किंवा मटणाचं काही बॅगेत ठेवू नकोस, विमानतळावर काढून घेतात.

त्या ग्युदोनची गोष्ट मात्र सांगतो, कारण स्वस्त जेवण कसं तयार होतं ते तीत कळतं. योशिनोया हे दुकान १८९९ मध्ये टोकियोतल्या निहोनबाशीच्या मासळीबाजारात निघालं. गिऱ्हाईक कोण? पहाटेपासून पेट्या उचलणारे लोक. त्यांच्याकडे वेळ नाही, पैसा बेताचा आणि भूक मोठी. म्हणून एकच पदार्थ, एकाच वाटीत, समोर ठेवला की खाऊन माणूस उठतो. १९२३ च्या भूकंपानंतर मासळीबाजार त्सुकिजीला गेला आणि दुकानही त्याच्यामागे गेलं. फिरत्या पट्ट्यावरची सुशीही अशीच. ओसाकाजवळ लहान-लहान कारखान्यांची वस्ती, तिथल्या कामगारांना सुशी खाऊ घालायची पण हाताखाली माणसं पुरत नाहीत, या अडचणीत योशिआकी शिराइशी नावाचा हॉटेलवाला होता. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्याला युक्ती सुचली आणि १९५८ मध्ये त्यानं पहिलं दुकान उघडलं. तोवर सुशी हा साध्या माणसाला जपूनच परवडणारा प्रकार होता. पट्ट्यानं वाढप्यांचा खर्च कमी केला आणि सुशी कारखान्यातल्या माणसापर्यंत आली.

आपल्याकडेही स्वस्त जेवणाचा विचार झाला, पण बहुतेक वेळा सरकारच्या बाजूनं. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. ताटाचा खर्च शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता, म्हणजे वरचे पैसे तिजोरीतून. ज्याच्या खिशात दहाच रुपये आहेत त्याच्यासाठी ते ताट हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण अनुदान थांबलं की असं ताट अडचणीत येतं. भिगवणचं ताट आणि जपानचं तेइशोकु तिजोरीवर उभं नाही. थोडे पदार्थ, जवळचा माल, ठरलेली वेळ आणि रोज येणारं गिऱ्हाईक, एवढ्यावर त्याचा दर बसतो. रोजचा माणूस फसवला तर उद्या येत नाही, म्हणून चवही टिकते. प्रवाशानं अशाच दुकानात शिरावं. तो एकदाच येणारा असला, तरी रोजच्या माणसांच्या जोरावर त्याला चांगलं मिळतं.

तेव्हा परक्या गावात जागा कशी ओळखायची, हे तुला वेगळं शिकवायला नको. महामार्गावर रंगीत दिव्यांचं, पंजाबी-चायनीज-साऊथ इंडियन अशी लांबलचक पाटी लावलेलं हॉटेल आपण सोडून देतो आणि जिथे एक वाजता उसाचे ट्रॅक्टरवाले, बाजार समितीतले हमाल आणि बँकेतले साहेब एकाच बाकावर दिसतात तिथे थांबतो. जपानातही तेच कर. कार्यालयांच्या मागच्या गल्लीत जा. दाराशी फळ्यावर हातानं लिहिलेलं ‘आजचं ताट’ असतं, ते माग. अनेक शहरांत नगरपालिकेच्या इमारतीतली खाणावळ बाहेरच्यांनाही खुली असते, तिथेही जाऊन बघ. बऱ्याच दुकानांत दाराशी यंत्र असतं. पैसे घालायचे, बटण दाबायचं, तिकीट आत द्यायचं. बारामतीला मेसमध्ये कुपन देऊन जेवलेल्या मुलीला यात नवीन काही नाही. पाणी किंवा चहा फुकट, टीप द्यायची नाही. तिथेच बसून खाल्लं तर कर १० टक्के, बांधून नेलं तर ८, हा फरक २०१९ पासूनचा आहे.

या पद्धतीत धोकेही आहेत, ते लपवत नाही. एकाच पदार्थावर उभं राहिलेलं दुकान एका दिवसात आडवं होऊ शकतं. २००३ च्या शेवटी अमेरिकेत गुरांचा रोग निघाला, जपाननं तिथलं मांस बंद केलं आणि फेब्रुवारी २००४ मध्ये योशिनोयाला आपला तो एकमेव नामांकित पदार्थच थांबवावा लागला. तो परत सुरू व्हायला अडीच वर्षं लागली. इकडे २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली, तेव्हा पाण्याच्या काठावर पोट असणाऱ्यांनी कसे दिवस काढले ते तू पाहिलंस. आणि २०२५ मध्ये जपानात तांदूळच इतका महागला की ५ किलोच्या पिशवीला ४,००० येनच्या वर मोजावे लागले. भातावर उभ्या असलेल्या स्वस्त दुकानांना त्याचा घाम फुटला.

शिवाय स्वस्त ताटाचे उरलेले पैसे कुणीतरी भरत असतो. जपानात पगार तीसेक वर्षं फारसे हलले नाहीत, दर खाली राहिले त्यात त्याचाही वाटा. भांडी घासणारी, वाढणारी मुलं पुष्कळदा परदेशातून शिकायला आलेली असतात, त्यांत नेपाळची बरीच. भिगवणला तुझ्यासमोर आलेल्या चिलापीसाठी कुणीतरी पहाटे अंधारात जाळं ओढलेलं असतं आणि लिलावात त्याला जो दर मिळाला तो त्यानं ठरवलेला नसतो. म्हणून स्वस्त जेवणाऱ्यालाही रीत असते. ताटात टाकायचं नाही. पोट भरलं की उठायचं, कारण त्या दुकानाचं पोट खुर्ची लवकर रिकामी होण्यावर आहे. ट्रे परत ठेवायची जागा असेल तर स्वतः नेऊन ठेवायचा. निघताना “गोचिसोसामा देशिता” म्हणायचं. ते तू शिकली आहेसच, पण वर्गात म्हणणं वेगळं आणि वाफेत उभ्या असलेल्या माणसाकडे बघून म्हणणं वेगळं.

ज्यासाठी पैसेच घ्यायचे नाहीत असं जेवणही प्रवासात असतं, ते आपल्याकडे दरवर्षी दारावरून जातं. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर. त्या दिवसांत रस्त्यालगतचं प्रत्येक घर वारकऱ्यासाठी पिठलं-भाकरी करतं. जपानात शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची यात्रा आहे, सुमारे १,२०० किलोमीटरची. पायी जाणाऱ्या यात्रेकरूला गावकरी फळं, भाताचे गोळे, चहा देतात, आणि यात्रेकरूनं ते नाकारायचं नसतं. उडोनसाठी सगळ्या जपानात नावाजलेला कागावा प्रांत याच यात्रेच्या वाटेवर आहे. सुट्टी मिळाली तर तिकडे जा. रस्त्यावरच्या माणसाला खाऊ घालायची सवय लागलेल्या मुलखात दुकानदारही सहसा हात आखडत नाही.

आता शेवटचं, आणि खरं तर याचसाठी एवढं लिहिलं.

आपल्या महामार्गावर एखादी मुलगी एकटी जेवायला बसली तर वेटर आधी विचारतो, “अजून कोण येणार आहे?” मग तिला ‘फॅमिली’ची पाटी असलेल्या खोलीत नेऊन बसवतात, पंखा लावतात आणि मागच्या टेबलावरची मान वळते. चांगुलपणानं करतात, पण जेवण गोड लागत नाही. म्हणून आपल्याकडच्या मुली प्रवासात बिस्किटाच्या पुड्यावर दुपार काढतात. ताईनंही आयुष्यभर तेच केलं. एस.टी.त खिडकीशी बसून डबा उघडायची, हॉटेलात एकटी कधी गेली नाही. तुझ्या बॅगेतल्या त्या सगळ्या पाकिटांत महागाईची भीती थोडी आहे आणि ही जुनी सवय जास्त आहे.

जपानच्या स्वस्त दुकानांत लांब फळीला लागून एकेकट्या खुर्च्या असतात. तिथे बसणारा जवळजवळ प्रत्येक माणूस एकटाच आलेला असतो. दुपारच्या सुट्टीतली बँकेतली बाई, म्हातारे आजोबा, सायकल बाहेर लावून आलेला विद्यार्थी. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी मान वळवत नाही. समोर गरम ताट येतं, तू जेवतेस, पैसे देऊन उठतेस. इतकं साधं सुख आहे, आणि तुझ्या आईला ते आपल्या तालुक्यात मिळालं नाही. ते तू घे. रोज घे. पहिल्या दिवशी अवघडशील, दाराशी उभी राहून परत फिरावंसं वाटेल. फिरू नकोस, आत जा.

आणि एकदा सवय झाली की ती तिथे सोडून येऊ नकोस. परत आलीस की एखाद्या दिवशी दुपारी एक वाजता भिगवणला एकटी जा. फॅमिली खोलीत नेतील तर नको म्हण, बाहेरच्या बाकावर बस आणि आज काय आलंय ते विचार. मी सोबत येणार नाही. पुढच्या खेपेला मात्र तुझ्या आईला घेऊन जा आणि तिला शेजारच्या बाकावर बसव.

तुझा,
मामा